पोशाख घरचा, डबा मदतीचा

शाळेत मदतनिधीचा दिवस ठरतो, मुलांनी वेशभूषा करून यायचं ठरतं, आणि त्याच संध्याकाळी घरोघरी एकच धांदल उडते: ड्रेस भाड्यानं कुठं मिळेल? देवगाव फाट्यावरून कुणी सेलू गाठतं, कुणी जिंतूर, कुणी थेट परभणी. अनामत भरा, जाण्यायेण्याचं भाडं घाला, आणि आणलेला मावळ्याचा अंगरखा पोराच्या पायात येतो म्हणून रात्री टाचण्या मारत बसा. एवढं करून दुसऱ्या दिवशी डब्यात पडतात वीस रुपये.

या दिवसाचा हिशोब सरळ आहे. पोशाखावर गेलेला रुपया डब्यात पडत नाही. म्हणून पोशाख घरी करावा, हे तर झालंच. पण पैसे वाचतात एवढ्यासाठीच घरी करावा असं नाही. भाड्याचा ड्रेस घातलेलं मूल नुसतं उभं राहतं, फोटो निघतो, संपलं. घरी केलेल्या पोशाखाला आपण काम लावू शकतो. लोक थांबतील, हसतील आणि त्यांचा हात खिशात जाईल, हे ते काम. सोंगातच डबा हवा. वेगळा डबा घेऊन मागं फिरायची वेळ आली, तर सोंग अर्धंच जमलं म्हणायचं.

हे आपल्याला नवं नाही

सोंग घेऊन दान मागण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. वासुदेवाची मोरपिसांची उंच टोपी गल्लीच्या टोकावरून दिसते, चिपळ्या आधी ऐकू येतात, आणि तो दारात पोचेपर्यंत घरातली बाई सुपात धान्य घेऊन उभी असते. बहुरूपी फौजदार होऊन येतो, घरमालकाला खोटा दम भरतो आणि हसवून बिदागी नेतो. शिमग्याला पोरं सोंगं काढून पोस्त मागतात. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी उभे केले ते याच ओळखीच्या माणसांमधून.

शहरातही हेच चालतं. मुंबईत २००४ पासून होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये ‘ड्रीम रन’ नावाची छोटी धाव असते. तिच्यात लोक नाना वेश करून, फलक हातात घेऊन धावतात आणि वेगवेगळ्या संस्थांसाठी निधी उभा करतात. ब्रिटनमध्ये १९८८ पासून ‘रेड नोज डे’ भरतो. तिथं नाकावर लावायचा लाल गोळाच विकला जातो आणि ते पैसे मदतीला जातात. एक लाल नाक, एक मोरपिसांची टोपी. ओळखायला एवढी एक खूण पुरते. अंगभर जरी लागत नाही.

आधी कारण, मग पात्र

‘काय बनवू?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, पैसे कशासाठी? ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. त्या निधीसाठी जवान शोभतो. दवाखान्याच्या मदतीसाठी, निराधारांसाठी गाडगेबाबा. मुलींच्या शिक्षणासाठी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, सावित्रीबाई. अतिवृष्टीनं पीक गेलेल्या घरांसाठी शेतातलं बुजगावणं. लांबून येणाऱ्या मुलांच्या सायकलींसाठी आपली लाल एस.टी. कारण आणि पात्र जुळलं की मुलाला भाषण पाठ करायला लागत नाही. बघणाऱ्याला निम्मं आपोआप कळतं.

पात्र ठरवताना तीन गोष्टी तपासा. दहा पावलांवरून ओळखू येतं का? त्या पोशाखात मुलाला बसता, पळता आणि लघवीला जाता येतं का? पैसे कुठं टाकायचे, हे न विचारता कळतं का? तिन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तरच कात्री हातात घ्या. खर्चाची मर्यादाही त्याच दिवशी घाला. एका पोशाखाला शंभर रुपयांच्या वर जायचं नाही, असं सगळ्या वर्गानंच ठरवलं तर कुणाच्या पोराला कमीपणा येत नाही.

सामान बहुतेक घरात किंवा गावातच मिळतं. किराणा दुकानातले आणि कूलर-टीव्हीच्या दुकानातले पुठ्ठ्याचे खोके, शिंप्याकडच्या चिंध्या, जुनं गोणपाट, सुतळी, दाभण, नवारीचे तुकडे, जुन्या लग्नपत्रिका, चंदेरी द्रोण. चिकटवायला फेव्हिकॉलची लहान बाटली आणि मैद्याची घरची खळ. विकत आणायचे ते फक्त रंग, घोटीव कागद आणि रुंद चिकटपट्टी.

लाल एस.टी. आणि तिचा कंडक्टर

सेलूचा रस्ता जालना–जिंतूर मार्गाला मिळतो त्या फाट्यावर राहणाऱ्यांना एस.टी.ची ओळख करून द्यायला नको. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून खेड्यातल्या माणसाची गाडी हीच. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे तिचं ब्रीदही मदतीच्या दिवसाला चपखल बसतं. हे सोंग दोघांचं आहे: एक मूल बस, दुसरं कंडक्टर.

आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी साधारण ७५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४० उंच खोका घ्या. एवढा मोठा मिळाला नाही तर दोन लहान खोके जोडा. तळ पूर्ण कापून टाका. वरच्या बाजूला मधोमध मुलाचं अंग जाईल एवढं भोक पाडा. अंगाच्या चारी बाजूंना चार-चार बोटं मोकळी राहिली पाहिजेत. कटर मोठ्यांनीच चालवायचा. कापलेल्या कडेवर जुन्या सुती साडीची पट्टी दुमडून चिकटवा, नाहीतर दहा मिनिटांत काखा सोलवटतात.

पुठ्ठा हातात घेऊन नीट बघा. दोन कागदांच्या मध्ये बारीक नळ्या असतात. या नळ्या उभ्या येतील असा खोका ठेवला तर बाजू खाली बसत नाहीत. बसचं नाक गोल करायचं असेल तर त्याच नळ्यांच्या रेषेवर चमच्याच्या पाठीनं दाबत जा. पुठ्ठा न मोडता वळतो. नळ्यांना आडवं वाकवायला गेलात तर तो चुरगळतो.

आता खांद्याचे पट्टे. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर असतो, म्हणून इथं घाई नको. नवारीचे किंवा जुन्या दप्तराचे दोन पट्टे घ्या. भोकाच्या पुढं दोन आणि मागं दोन छिद्रं पाडा. पट्टा छिद्रातून आत ओढलात की त्याचं टोक दुहेरी पुठ्ठ्याच्या छोट्या चौकोनातून किंवा मोठ्या बटणातून ओवून मग गाठ मारा. नुसत्या गाठीनं पुठ्ठा फाटतो. चौकोनामुळं ओढ पसरते. पाठीवर पट्ट्यांची फुली करा, म्हणजे ते खांद्यावरून घसरणार नाहीत. मग मुलाला गाडी घालून अंगणात दोन फेऱ्या मारायला लावा. गाडीची खालची कड गुडघ्याच्या वर राहिली पाहिजे. गुडघा आपटत असेल तर पट्टे आखूड करा.

रंगाआधी सगळ्या खोक्यावर वर्तमानपत्राचा एक थर खळीनं चिकटवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. बिस्किटाच्या कंपनीची छपाई झाकली जाते आणि रंग कमी लागतो. लाल पोस्टर रंगाचे दोन पातळ हात द्या. एकच जाड हात दिला तर पुठ्ठा ओला होऊन वाकडा होतो. काळ्या कागदाच्या खिडक्या, काळी चाकं आणि हेडलाइटला दोन चंदेरी द्रोण. खिडक्यांत वर्गमित्रांनी स्वतःचे चेहरे काढून चिकटवले तर गाडी भरलेली दिसते, आणि ज्याचा चेहरा खिडकीत आहे त्याचे आईवडील तिकीट काढल्याशिवाय हलत नाहीत.

समोर काचेवर मार्गाची पाटी हवीच: ‘देवगाव फाटा – सेलू’, आणि त्याखाली ‘मार्गे: तुमचा खिसा’. ‘हात दाखवा, एस.टी. थांबवा’ ही ओळ सगळ्यांना ठाऊक आहे, तीही बाजूला लिहा. कुणी हात दाखवला की गाडीनं खरंच थांबायचं.

खरी कमाई कंडक्टरची. खाकी किंवा कुठलाही फिका तपकिरी सदरा, खांद्यावरून आडवी लटकवलेली पिशवी आणि हातात तिकिटांचा ट्रे. मिठाईच्या चपट्या खोक्यावर रबरं आडवी ताणली की ट्रे तयार. कार्डशीटची तीन रंगांची तिकिटं कापा: पाच, दहा आणि पन्नास रुपयांची. प्रत्येक रंगाला १ पासून क्रमांक घाला. ऑफिसातलं एका भोकाचं पंचिंग मशीन मिळालं तर उत्तम, कारण तिकिटाला भोक पडताना होणारा तो टकटक आवाजच लोकांना जवळ बोलावतो. क्रमांकांचा दुसरा फायदा संध्याकाळी कळतो. किती तिकिटं फाडली ते बघितलं की पिशवीत किती असायला हवेत हे समोर येतं.

संवादाची तयारी थोडीशी करून घ्या. कुणी आजी म्हणणारच, “आमाला अर्धं तिकीट, सरकारनं सवलत दिलीय.” कंडक्टरनं तोंड उतरवायचं नाही. “आज्जी, ही मदतीची गाडी. इथं सवलत उलटी चालते, जितकं वय जास्त तितकं तिकीट जास्त!” एवढं म्हटलं की आजीबरोबर मागच्या चौघीही पदराची गाठ सोडतात.

ठिगळांचं बुजगावणं

दुसरं सोंग त्याहून सोपं. वडिलांचा जुना, ढगळ, एकरंगी सदरा आणि जुनी पँट. कमरेला सुतळी. बाह्यांच्या आणि पँटच्या टोकांना ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या बाहेरून बांधा. कडब्याचं पातं धारदार असतं आणि कूस अंगाला खाजते, म्हणून आतून पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट हवाच. शेतातल्या बुजगावण्याला तुराटीचे हात असतात. मुलाच्या खांद्यावर मात्र काठी बांधू नका. गर्दीत वळताना ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. दोन्ही हात आडवे पसरून काही वेळ पुतळ्यासारखं उभं राहिलं की झालं बुजगावणं.

डोक्यावर मडकं नको. काळ्या कानटोपीच्या पुढच्या बाजूला पांढऱ्या कापडाचे दोन मोठे डोळे आणि मिशा शिवा. टोपी कपाळापर्यंत ओढली की वर बुजगावण्याचा चेहरा, खाली मुलाचा. श्वास मोकळा, नजर मोकळी.

आता यातली कमाईची युक्ती. सदरा सकाळी कोरा ठेवायचा. शिंप्याकडच्या चिंध्यांतून साधारण हाताच्या पंजाएवढे रंगीत चौकोन कापून एका परडीत ठेवायचे आणि फलक लावायचा: ‘एक ठिगळ दहा रुपये’. जो पैसे देईल त्याचं नाव ठिगळावर मार्करनं लिहायचं आणि ते सदऱ्यावर लावायचं. पिना मोठ्यांनीच लावायच्या, त्याही आडव्या आणि फक्त वरच्या सदऱ्याला. आतल्या टी-शर्टापर्यंत पिन जाता कामा नये. दुपारपर्यंत सदऱ्याचं मूळ कापड दिसेनासं होतं. ज्यांचं नाव पाठीवर गेलं ते आपलं नाव शोधायला मुलाभोवती फिरतात, आणि त्यांना बघून आणखी चारजण येतात. हे सोंग मूल दिवसभर एकाच जागी उभं राहून करू शकतं, म्हणून लाजऱ्या मुलासाठी फार बरं.

गाडगेबाबा आणि वासुदेव

गाडगेबाबांचा वेश फुकट होतो, पण तो नीट समजून करावा. चिंध्या जोडलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, दोन पायांत दोन तऱ्हेची पायताणं, हातात खराटा आणि गाडगं. मुलाच्या कानात काच घालायची नाही. प्लास्टिकच्या बांगडीचा तुकडा दोऱ्यानं कानाला अडकवा. गाडगं मातीचं असेल तर सुतळीचं शिंकं करून गळ्यात अडकवा, हातातून निसटलं तर फुटणार नाही. २० डिसेंबर हा त्यांच्या पुण्यतिथीचा दिवस. त्यांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र झाडाखाली राहिले, एवढं मुलाला सांगून ठेवा. बाबा झालेल्या मुलानं आधी मैदानाचा एक कोपरा खरंच झाडावा, मग गाडगं पुढं करावं. झाडलोट केल्यावर पुढं आलेल्या गाडग्याला कुणी रिकामं परत पाठवत नाही.

वासुदेवाचं सगळं टोपीत आहे. ड्रॉइंग पेपरचा सुमारे ३५ सेंटिमीटर उंचीचा शंकू करा, खालची कड डोक्याच्या मापानं कापा आणि आतून कापडी पट्टी लावा. खरी मोरपिसं शोधत बसू नका. जुन्या लग्नपत्रिकांच्या चकचकीत कागदातून हिरवे, त्यावर सोनेरी, त्यावर निळे ठिपके चिकटवून पिसांचे डोळे करा. ते खालच्या कडेपासून सुरुवात करून वर वर, कौलं रचतात तसे एकावर एक चढवत चिकटवा. आजोबांचा लांब पांढरा सदरा, कमरेला ओढणी, हातात चिपळ्या, काखेला झोळी. झोळीच दानपेटी.

एक पथ्य सगळ्यांनी पाळावं. एखाद्या समाजाची नक्कल, तोंडाला काळं फासून केलेलं सोंग, अपंग माणसाचा वेश हसण्यासाठी, हे मदतीच्या दिवशी तरी नकोच. ज्यांच्यासाठी पैसे जमवतोय त्यातलाच कुणी समोर बसलेला असू शकतो.

चेहरा, पाय आणि ऊन

पोस्टर रंग, ऑइल पेंट, चुना यांतलं काहीही अंगाला लावू नका. चुन्यानं कातडी भाजते. चेहऱ्यावर आधी खोबरेल तेलाचा पातळ हात, मग काजळाच्या मिशा, एवढं पुरे. नंतर तेलाच्याच बोळ्यानं निघतं. बाजारातलं कुंकू किंवा रंग लावायचा असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघा. खाजलं किंवा लाल झालं तर तो रंग रद्द.

डोळे, नाक आणि कान झाकणारा मुखवटा लहान मुलाला दिवसभर घालू नका. पायात रोजचीच चप्पल किंवा बूट हवेत. नव्या मोजडीनं फोड येतात. चालताना पायात येईल असं काही लोंबतं ठेवू नका. स्वयंपाकाचे स्टॉल असतील तर कागद, कडबा आणि कापूस लावलेली सोंगं चुलीपासून, गॅसपासून लांब. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गारवा असला तरी दुपारचं ऊन पुठ्ठ्याच्या खोक्यात चांगलंच तापतं. दर अर्ध्या तासानं बसला ‘डेपोत’ आणायचं: खोका काढायचा, पाणी प्यायचं, सावलीत बसायचं.

आणि फाट्यावर राहणाऱ्यांसाठी ठळक अक्षरांत: थांबलेल्या गाड्यांच्या मधून, रस्त्याच्या कडेला उभं राहून मुलांना पैसे मागायला लावू नका. मालट्रक आणि ट्रॅव्हल्स तिथं कुणासाठी थांबत नाहीत. शाळेचं मैदान, ग्रामपंचायतीसमोरची जागा, आठवडी बाजाराचा आतला भाग, तोही सोबत मोठं माणूस असेल तर, एवढ्या जागा पुरेशा आहेत.

पैसा आणि पावती

पैसे जमा होणं आणि पैसे पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेच्या आवारातल्या कार्यक्रमाला मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची संमती लेखी घ्या. आवाराबाहेर गावभर वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१-क आडवं येतं. गणेश मंडळं धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घेतात ती याच कलमाखाली. सोपा मार्ग म्हणजे ज्या नोंदणीकृत संस्थेला मदत करायची तिच्याशी आधी बोलून, तिच्या नावानं आणि तिच्याच पावतीपुस्तकावर पैसे घेणं. ध्वजदिनाचा निधी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आधी विचारा.

आता बरेच लोक खिशात नोटा ठेवत नाहीत. बसच्या मागच्या बाजूला, जिथं खऱ्या एस.टी.वर जाहिरात असते, तिथं संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड चिकटवा. तो कुणा शिक्षकाच्या किंवा पालकाच्या खाजगी खात्याचा असता कामा नये. चिकटवायच्या आधी एक रुपया पाठवून नाव बरोबर येतं का बघून घ्या.

डबा, झोळी, पिशवी सगळ्यांसमोर उघडा. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून मोजतील. रक्कम फळ्यावर आणि वहीत, दोन्हीकडे लिहा आणि खाली चौघांच्या सह्या घ्या. फेव्हिकॉलचे, रंगांचे पैसे या रकमेतून कापायचे नाहीत. तो खर्च आपला. उरलेली कोरी तिकिटं क्रमांकासकट जपून ठेवा. कुणी विचारलं तर दाखवता येतात.

सोंगं फेकू नका. बस पुढच्या वर्षी पाटी बदलून धावेल. ठिगळांचा सदरा वर्गात टांगा, त्यावर गावाची नावं आहेत. आणि आठवडाभरात शाळेच्या फलकावर चार ओळी लावा: किती जमले, कुणाला दिले, कोणत्या तारखेला, पावती क्रमांक काय. ज्याचं तिकीट फाडलं, त्याला गाडी कुठं पोचली ते कळलंच पाहिजे.